‘घरी न्या’ म्हटल्यानंतर : हॉस्पिसची गोष्ट



दुपारची भांडी आवरून रेडिओ लावला असेल, नाहीतर खुरपताना बांधावर मोबाईल ठेवला असेल, तिथूनच ऐका. आज मी हप्ता, व्याज, बँकेची कागदपत्रं यातलं काही बोलणार नाही. आजचा विषय घराघरांत असतो, पण बैठकीत कुणी काढत नाही. घरातलं माणूस आता बरं होणार नाही असं कळल्यावर पुढं काय करायचं, हा तो विषय.

सुरुवात माझ्याच घरापासून करते. माझ्या आत्याला स्तनाचा कॅन्सर झाला. गाठ तिच्या हाताला बरेच दिवस लागत होती, पण लाजेपायी बोलली नाही. मोठ्या दवाखान्यात नेलं तोवर आजार हाडांपर्यंत गेला होता. काही महिने उपचार झाले. मग एक दिवस तिथल्या डॉक्टरांनी माझ्या आतेभावाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "आता काही करण्यासारखं राहिलं नाही. घरी न्या." हातात एक चिठ्ठी दिली. तिच्यावर ताकदीच्या गोळ्या आणि दुखण्याची एक साधी गोळी. झालं.

त्यानंतर आत्या साडेतीन महिने जगली. रात्री तिचं कण्हणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचं. जखमेला वास येऊ लागला. वहिनी रात्र रात्र बसून असायची आणि सकाळी कामावर जायची. आत्या आमच्या गटाची पहिल्या दिवसापासूनची सभासद. आधी आम्ही सगळ्याजणी जाऊन आलो. नंतर तो वास सोसेना, काय बोलावं ते सुचेना, त्यात कुणीतरी "कॅन्सर लागतो म्हणे" अशी कुजबुज केली. कॅन्सर लागत नाही, शिवल्यानं, शेजारी बसल्यानं, ताटात जेवल्यानं तो होत नाही. पण आमचं जाणं थांबलं. शेवटच्या महिन्यातही आत्यानं नातीच्या हातून शंभर रुपये वर्गणी पाठवली. मी ती वहीत लिहून घेतली आणि दारातूनच नातीला म्हणाले, "आजीला सांग, येते मी." मी गेले नाही.

पुढं एका प्रशिक्षणात एक नर्सताई बोलायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, आजार बरा करण्यासारखा राहिला नाही, हे खरं असू शकतं. पण माणसासाठी करण्यासारखं काही राहिलं नाही, हे कधीच खरं नसतं. आणि त्यांनी एक शब्द सांगितला. हॉस्पिस. मी म्हटलं, हॉस्पिटल का? त्या म्हणाल्या, नाही, हॉस्पिस.

बी.ए.ला माझा इतिहास होता. लढाया, तह, सनावळ्या पाठ केल्या. ही गोष्ट त्या पुस्तकांत नव्हती. मग मी ती शोधून वाचली. तीच आज तुम्हाला सांगते.

धर्मशाळेतून सुरुवात

हॉस्पिस हा शब्द ज्या जुन्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ पाहुणा असाही होतो आणि पाहुण्याला ठेवून घेणारा असाही होतो. युरोपात शेकडो वर्षांपूर्वी लोक पायी तीर्थयात्रेला जायचे. वाटेत मठांमध्ये उतरायची सोय असे. थकलेल्याला अंथरूण, भुकेल्याला भाकरी, आजाऱ्याला औषधपाणी. त्या जागांना हॉस्पिस म्हणत. आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर आपल्या धर्मशाळा असतात ना, तसंच.

आजारी माणसाचं आणि धर्मशाळेचं नातं आपल्यालाही नवं नाही. मुंबईला दादरला गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात उपचाराला गेलेली आपल्याकडची कितीतरी माणसं तिथं उतरतात.

पण धर्मशाळेत माणूस उतरतो आणि पुढं जातो. ज्याचा आजार बरा होणार नाही, त्याचं काय? त्याला कोण ठेवून घेणार? फ्रान्स देशात लिऑन नावाचं शहर आहे. तिथं झान गार्निए नावाची एक बाई होती. तरुणपणीच तिचा नवरा गेला, दोन्ही मुलं गेली. १८४२ साली तिनं आपल्यासारख्याच विधवा बायकांना एकत्र केलं. गावात ज्यांना कुणी हात लावत नाही अशा, बऱ्या न होणाऱ्या आजारी बायकांची सेवा या बायकांनी सुरू केली. शेवटच्या आजारातल्या माणसांच्या घराला हॉस्पिस म्हणायची सुरुवात तिथून झाली.

हे वाचलं तेव्हा मी थांबले. म्हणजे याची सुरुवात एखाद्या मोठ्या डॉक्टरानं किंवा सरकारनं केली नव्हती. दुःख सोसलेल्या बायकांनी एकत्र येऊन केली होती. त्यांना बचत गट म्हणत नसत, एवढाच फरक.

त्यानंतर आयर्लंडमध्ये डब्लिन शहरात १८७९ साली तिथल्या जोगिणींनी असंच घर काढलं. त्यांच्या संस्थेची स्थापना करणारी मेरी एकनहेड स्वतः कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि अंथरुणावरूनच कारभार चालवायची. ती गेल्यावर, जिथं ती राहायची त्याच वास्तूत हे हॉस्पिस सुरू झालं. याच जोगिणींनी १९०५ साली लंडनच्या गरीब वस्तीत सेंट जोसेफ हॉस्पिस काढलं. ते नाव लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

एक खिडकी

आता लंडनची गोष्ट. सिसिली सॉन्डर्स नावाची एक मुलगी, १९१८ सालची. दुसऱ्या महायुद्धात नर्स झाली. पण पाठीचं दुखणं असं लागलं की नर्सचं काम सोडावं लागलं. मग ती दवाखान्यातच समाजसेविका झाली. रुग्णाच्या घरची परिस्थिती बघायची, त्याची सोय लावायची, असं ते काम.

तिथं तिला डेव्हिड टास्मा भेटला. पोलंडमधून आलेला ज्यू माणूस, लंडनमध्ये हॉटेलात वाढप्याचं काम करायचा. वय चाळीसच्या आसपास. कॅन्सर झालेला. घरचं कुणी जवळ नाही. आपण जगून काही केलं नाही, आपल्या मागं काही राहणार नाही, हे त्याला सगळ्यात जास्त खात होतं. सिसिली त्याच्याजवळ जाऊन बसायची. दोघं बोलायची, की अशा माणसांसाठी एक जागा असावी, जिथं दुखणंही कमी करतील आणि माणसाचं ऐकूनही घेतील. १९४८ साली तो गेला. जाताना त्याच्याजवळचे पाचशे पौंड त्यानं सिसिलीला दिले आणि सांगितलं, की तुझ्या त्या घरातली एक खिडकी मी होईन.

घर अजून कुठंच नव्हतं. फक्त खिडकीचे पैसे जमा होते.

दिवसा नोकरी करून सिसिली संध्याकाळी सेंट ल्यूक नावाच्या घरात फुकट काम करू लागली. तिथं तिनं एक गोष्ट बघितली. इतर दवाखान्यांत कॅन्सरच्या रुग्णाला दुखण्याचं औषध कधी द्यायचे? तो ओरडायला लागला की. औषध उतरलं की पुन्हा ओरडायचं, पुन्हा मागायचं. सेंट ल्यूकमध्ये मात्र घड्याळाप्रमाणे, ठरल्या वेळेला औषध द्यायचे, दुखणं परत यायच्या आधीच. तिथली माणसं शांत झोपायची, बोलायची, जेवायची.

आता बघा, ही किती साधी गोष्ट आहे. पिकाला पाणी आपण ते करपल्यावर देत नाही, पाळीनं देतो. पण दवाखान्यांत हे मानायला कुणी तयार नव्हतं. एका डॉक्टरनं सिसिलीला सांगितलं, की डॉक्टर लोक नर्सचं ऐकत नाहीत, तू स्वतः डॉक्टर हो. तिनं तेही केलं. ३३ व्या वर्षी वैद्यकीय कॉलेजात गेली आणि १९५७ साली डॉक्टर झाली. मग त्याच सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये जाऊन तिनं घड्याळाप्रमाणे औषधाची पद्धत लावली आणि एकेका रुग्णाची नोंद ठेवली. नोंद ठेवल्याशिवाय कुणी विश्वास ठेवत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

त्या नोंदींतून आणि ऐकण्यातून तिनं एक गोष्ट मांडली. माणसाचं दुखणं एकटं नसतं. अंग दुखत असतं. मन घाबरलेलं असतं. माझ्यामागं पोरांचं काय, कर्ज कोण फेडणार, ही घरची काळजी असते. आणि माझ्याच वाट्याला हे का आलं, हा प्रश्न असतो. ही चारही दुखणी एकत्र असतात. नुसत्या गोळीनं त्यातलं एकच कमी होतं. म्हणून डॉक्टर, नर्स, समाजसेवक आणि घरची माणसं सगळ्यांनी मिळून बघायला हवं.

१९६७ साली लंडनमध्ये तिचं सेंट क्रिस्टोफर हॉस्पिस उभं राहिलं. टास्माच्या पैशांनंतर एकोणीस वर्षांनी. क्रिस्टोफर हा तिकडं वाटसरूंचा संत मानतात. त्या इमारतीत टास्माच्या नावाची खिडकी आहे. पुढं दोनच वर्षांत, १९६९ ला, तिथल्या नर्स रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. म्हणजे हॉस्पिस इमारतीबाहेर पडलं. २००५ साली सिसिली सॉन्डर्स गेल्या, त्या याच हॉस्पिसमध्ये.

पुढं कॅनडात एका डॉक्टरांनी या कामाला पॅलिएटिव्ह केअर असं नाव दिलं. त्यातल्या मूळ शब्दाचा अर्थ अंगावर घ्यायचा झगा, आपल्या भाषेत पांघरूण. आजार जात नाही, पण त्रासावर पांघरूण घालता येतं. आपल्याकडं सरकारी दवाखान्यात हाच शब्द चालतो, तो लक्षात असू द्या.

मुंबई, आणि अडकलेली गोळी

आपल्या देशात पहिलं हॉस्पिस आपल्या मुंबईतच निघालं. १९८६ साली, वांद्र्याला, शांती अवेदना. टाटा रुग्णालयातले कॅन्सरचे सर्जन डॉ. एल. जे. डिसोझा यांनी ते सुरू केलं. अवेदना म्हणजे वेदना नसणं. सेवा मोफत. नंतर गोव्यात आणि दिल्लीतही त्याची घरं झाली. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे. तिथंही पैसे घेत नाहीत, आणि घरचं माणूस रुग्णाजवळ राहू शकतं.

त्याच १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेनं कॅन्सरच्या दुखण्यावरची पद्धत सगळ्या देशांना सांगितली. औषध शक्यतो तोंडानं द्या, घड्याळाप्रमाणे द्या, आणि पायरी पायरीनं वाढवा. साध्या गोळीपासून सुरुवात, आणि दुखणं फार असेल तर वरच्या पायरीवर मॉर्फिन.

मॉर्फिन अफूपासून बनतं. अफू म्हटलं की आपण बिचकतो. पण मध्य प्रदेशात नीमच, मंदसौरकडं आणि राजस्थानात शेतकरी सरकारी परवान्यानं अफू पिकवतात, आणि नीमच आणि गाझीपूरला सरकारचे कारखाने आहेत. म्हणजे जगाला लागणाऱ्या या औषधाचा कच्चा माल आपल्या मातीत पिकतो. आणि तरीही आपल्याच माणसांना गोळी मिळेना. कारण १९८५ साली अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा आला. हेतू चांगला होता, नशेचा व्यापार थांबवायचा. पण एका दवाखान्याला मॉर्फिन ठेवायचं तर वेगवेगळे परवाने काढावे लागत, त्यातला एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे, आणि नोंदीत चूक झाली तर तुरुंगाची भीती. दवाखान्यांनी, औषध दुकानांनी ते ठेवणंच सोडलं. देशातला मॉर्फिनचा वापर तब्बल ९७ टक्क्यांनी घटला. १९९७ साली एवढ्या मोठ्या देशात वर्षाला अवघं १८ किलो मॉर्फिन वापरलं गेलं.

त्या वर्षांत शिकून तयार झालेल्या कितीतरी डॉक्टरांनी मॉर्फिन कधी हातात धरलंच नाही. माझ्या आत्याच्या चिठ्ठीवर साधी गोळी का होती, याचं उत्तर मला इथं सापडलं.

डॉक्टर, कार्यकर्ते वर्षानुवर्षं सरकारकडं आणि कोर्टात गेले. २०१४ साली संसदेनं कायदा बदलला. आता मान्यता मिळालेल्या दवाखान्याला अनेक परवान्यांच्या मागं धावावं लागत नाही. कायदा सुटला, पण भीती अजून पुरती गेलेली नाही. नातेवाईक म्हणतात, सवय लागेल. मैत्रिणींनो, कॅन्सरच्या दुखण्यासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरल्या मापानं घेतलेल्या मॉर्फिननं माणूस सहसा नशेबाज होत नाही. पोट घट्ट होतं, त्यासाठी डॉक्टर सोबत दुसरं औषध देतात. मात्र ते चिठ्ठीशिवाय, कुणाचं उरलेलं, अंदाजानं कधीच द्यायचं नाही.

कोझिकोडचे शेजारी

आता केरळला जाऊ. तिथं कोझिकोडला १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी वैद्यकीय कॉलेजात दुखण्यावरच्या उपचाराचं काम सुरू केलं. लांबून लांबून रुग्ण यायला लागले. पण त्यांच्या लक्षात आलं, की ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे तो तर अंथरुणातून उठून येऊच शकत नाही. आणि घरात तांदूळ नसेल, पोराची शाळा सुटली असेल, तर नुसत्या औषधाचं काय करायचं?

मग त्यांनी शेजाऱ्यांना हाक मारली. शिक्षक, रिक्षावाले, विद्यार्थी, घरातल्या बायका. ज्याला आठवड्यातून निदान दोन तास देता येतील, त्यानं यायचं. त्यांना प्रशिक्षण दिलं. रुग्णाशी कसं बोलायचं, ऐकायचं कसं, अंग कसं पुसायचं, कूस कशी बदलायची. गावातला असा गट घरोघर जायचा, नर्स आणि डॉक्टर त्याच्या पाठीशी. पैसा गावातल्या छोट्या छोट्या वर्गणीतून. त्यातूनच गरजू घरांना धान्य आणि मुलांच्या शाळेला मदत. २००८ साली केरळ सरकारनं यासाठी स्वतंत्र धोरण आणलं. देशात असं करणारं ते पहिलं राज्य. तिथं आता पंचायतीची नर्स घरी येते. आपल्यासारखेच तिकडं कुडुंबश्रीचे महिला गट आहेत, त्यांच्या बायकाही या कामात आहेत.

लिऑनच्या विधवांपासून कोझिकोडच्या शेजाऱ्यांपर्यंत दीडशेहून अधिक वर्षं गेली. मध्ये औषधं आली, डॉक्टर आले, कायदे आले. ते सगळं लागतंच. पण दोन्ही टोकांना जवळ जाऊन बसणारी साधी माणसंच आहेत.

आपल्या गावात

आता तुम्ही विचाराल, आपल्या तालुक्याला कुठं आहे हॉस्पिस? नसेल. पण मोठ्या दवाखान्यातून "घरी न्या" असं सांगितलं, तर लगेच उठू नका. तीन गोष्टी विचारा. पॅलिएटिव्ह केअरचा विभाग इथं किंवा आमच्या जिल्हा रुग्णालयात आहे का? दुखणं वाढलं तर त्यावरचं पुढच्या पायरीचं औषध कुठं मिळेल? आणि रात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा? उत्तरं चिठ्ठीवर लिहून घ्या. गावात आल्यावर आशाताईंना आणि आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे पूर्वीच्या आरोग्यवर्धिनी केंद्रात, कळवा. ही सेवा फक्त कॅन्सरला नाही. लकवा होऊन पडलेलं माणूस, किडनी किंवा हृदयाचा जुना आजार, यांनाही ती आहे. आणि अगदी शेवटच्या दिवसाची वाट बघायची नाही. उपचार चालू असतानाही ती घेता येते.

बऱ्याच जणींना वाटतं, हॉस्पिस म्हणजे माणसाला मरायला सोडणं. उलट आहे. तिथं मरण लवकर आणत नाहीत आणि ओढूनताणून लांबवतही नाहीत. जेवढे दिवस आहेत ते कमी त्रासाचे करतात. आईला तिथं ठेवलं तर लोक काय म्हणतील, असं वहिनींसारख्या कुणाला वाटलं, तर त्या लोकांना एक रात्र जागायला बोलवा.

घरी करण्यासारखंही खूप आहे. पडून असलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलली तर पाठीला जखमा होण्याचा धोका कमी होतो. तोंड ओल्या स्वच्छ कापडानं पुसत राहिलं तर बरं वाटतं. जखमेच्या वासावर औषध असतं, डॉक्टरांना सांगितलं तर ते देतात. हे मला आत्याच्या वेळी माहीत असतं, तर आमचे पाय दारात अडले नसते. आणि जी बाई सेवा करते तिला आठवड्यातून दोन तास झोप मिळेल एवढं शेजारणीनं केलं, तरी ती अर्धी सेवा झाली.

गेल्या महिन्यात मी हे सगळं वहिनीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली आणि म्हणाली, "म्हणजे ती गोळी तेव्हा मिळाली असती का गं?" मी तिच्याशी खोटं बोलू शकले नाही. म्हणाले, "हो, विचारलं असतं तर बहुतेक मिळाली असती." ती काही बोलली नाही. भाकरी तव्यावर टाकली. थोड्या वेळानं म्हणाली, "मग हे बैठकीत सांग. सगळ्यांना सांग."

म्हणून आज सांगितलं. आमच्या गटाच्या वहीत आम्ही एक पान वेगळं काढलंय. गावात कोण अंथरुणाला आहे, आणि या आठवड्यात तिथं कोण जाणार, दोघींची नावं. पहिल्या ओळीत मी माझं नाव घातलंय. तुमच्या पुढच्या बैठकीत कर्जाचा विषय संपला की वहीचं एक पान उलटा आणि विचारा, आपल्या गावात असं कोण आहे?

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.